घरच्या केकवरचा जेसीबी

लहान मुलाच्या वाढदिवसाचा थीम केक म्हणजे मुळात साधा स्पंज केकच. त्या महिन्यात मुलाच्या डोक्यात जे काही घोळत असते ते त्याच्या वर मांडलेले असते, एवढाच फरक. कुणाला डायनासोर हवा असतो, कुणाला युनिकॉर्न, कुणाला आगगाडी. महाराष्ट्रातल्या तीन-चार वर्षांच्या असंख्य मुलांना मात्र जेसीबी हवा असतो. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाच्या नावाची ही आद्याक्षरे. त्यांची कंपनी १९४५ ची, आणि पुण्याजवळ तळेगावलाही तिचा कारखाना आहे. मराठीत आता माती उकरणारे कोणतेही पिवळे यंत्र जेसीबीच असते. गल्लीत ड्रेनेजचे काम निघाले की कठड्याशी आजोबा आणि नातू सारख्याच तन्मयतेने उभे असतात.

घरी पहिल्यांदाच थीम केक करणाऱ्याने जेसीबी निवडावा, याला व्यावहारिक कारणही आहे. माती, खड्डा, खडी, डांबरी रस्ता हे सगळे खाण्याच्या वस्तूंतून हुबेहूब होते आणि चुका झाकून जातात. राजकन्येचा चेहरा जरा बिघडला तर ती चेटकीण दिसते. खड्डा वेडावाकडा झाला तरी खड्डाच राहतो.

घरच्या घरी असे केक करण्याची हौस जगभर पसरली त्याला पुस्तकांचा आणि शिकवण्यांचा मोठा हात आहे. शिकागोत ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनी १९२९ मध्ये केकसजावटीचे वर्ग सुरू केले. क्रीमच्या पिशवीला लावायच्या ज्या नोझलचे क्रमांक आज आपल्याकडचे दुकानदारही तोंडपाठ सांगतात, ते रूढ होण्यात त्यांच्या कंपनीचा मोठा वाटा आहे. ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली'चे मुलांच्या वाढदिवसाच्या केकचे पुस्तक निघाले आणि तिथल्या एका पिढीचे बालपण त्याने व्यापले. मुखपृष्ठावर आगगाडीचा केक होता. आतल्या पोहण्याच्या तलावात जेलीचे पाणी होते आणि भोवती चॉकलेटच्या लांब बिस्किटांचे कुंपण. बदकाची चोच बटाट्याच्या वेफर्सची होती. 'ब्लूई' या मालिकेत वडील मुलीसाठी करतात तो बदकाचा केक याच पुस्तकातून आलेला. त्या पुस्तकाची युक्ती अजून जुनी झालेली नाही. वाण्याकडे मिळणारी वस्तू जशीच्या तशी वापरायची आणि तिला दुसऱ्याच कशाचे सोंग द्यायचे.

आपल्याकडे केक आधी बेकरीत आला आणि स्वयंपाकघरात नंतर. केरळातल्या तलश्शेरीच्या मांबळी बापू यांनी १८८३ मध्ये नाताळचा केक केल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. मराठी घरांत तो पुष्कळ उशिरा शिरला. गोल विजेच्या भट्टीत किंवा मिठाचा थर घातलेल्या, शिटी काढून ठेवलेल्या कुकरमध्ये भाजलेला रव्याचा केक अनेकांना आठवत असेल. त्यावर फार तर टुटीफ्रुटी असायची. पण सजावटीची नजर इथल्या हाताला नवी नाही. बोरन्हाणाला मुलाला हलव्याचे दागिने घालतात, त्यातला मुकुट आणि हार साखरेचाच असतो. रुखवतात तर बंगला, बाग, विहीर असे अख्खे देखावे मांडले जातात. थीम केक हा त्या रुखवताचाच नातेवाईक आहे, फक्त तो शेवटी कापायचा असतो.

पहिला निर्णय आकाराचा. आपल्याकडे केक किलोवर मोजतात. आठ इंची गोल केक सजवून साधारण एक किलो भरतो आणि दहा-बारा जणांना पुरतो. सहा इंचीचा साधारण अर्धा किलो होतो. पाहुणे वीस असतील तर केक उंच करण्यापेक्षा त्याच मिश्रणाचा दुसरा, बिनसजावटीचा आयताकृती केक करून आतल्या खोलीत ठेवणे शहाणपणाचे. त्याआधी आणखी एक माप घ्यायचे असते आणि नेमके तेच राहून जाते. फ्रीजच्या दोन कप्प्यांमधली उंची मोजायची. केक, त्याखालचा पुठ्ठा आणि वर उभा असलेला जेसीबी असे सहज आठ-नऊ इंच होतात. सजावट झाल्यावर दहीभांडे आणि भाज्यांचे डबे बाहेर काढत बसण्यात मजा नाही. फ्रीजमध्ये चिरलेला कांदा उघडा नको, क्रीम वास लगेच धरते.

दुसरा निर्णय लेपाचा, आणि तो हवामान बघून करायचा. घरी वापरता येण्याजोगे लेप चार: फेटलेले क्रीम, बटरक्रीम, चॉकलेटचे गनाश आणि फाँडंट. बटरक्रीम म्हणजे लोणी आणि पिठीसाखर. लोणी शरीराच्या तापमानाच्या आतच वितळते, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात बटरक्रीमचा गुलाब टेबलावर टिकायचा नाही. फाँडंट हे साखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि जिलेटिन किंवा डिंकासारख्या पदार्थाचे कणकेसारखे लाटता येणारे मळण. दुकानातल्या गुळगुळीत, बाहुलीसारख्या केकांवर तेच असते. साखर हवेतले पाणी ओढते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या फाँडंटला काही मिनिटांत घाम फुटतो, ते चिकट आणि चकचकीत होते, रंग ओघळतात. केक खोक्यात बंद असतानाच खोलीच्या तापमानाला आणला तर दव खोक्यावर धरते, केकवर नाही. पण खालचा लेप क्रीमचा असेल तर तेवढा धीर धरता येत नाही. शिवाय फाँडंट लागते भरपूर. आठ इंच व्यासाचा आणि चार इंच उंचीचा केक झाकायला सोळा इंचांची पोळी लाटावी लागते, म्हणजे जवळपास पाऊण किलो साखर. मुले ती सोलून बशीच्या कडेला ठेवतात. घरच्या केकवर फाँडंटचे आवरण घालणे हा वेळेचा आणि साखरेचा अपव्यय आहे. फोटो चांगला येतो, हे मान्य.

गनाश बारीकसारीक सजावटीला राखले की उरते फेटलेले क्रीम, आणि घरगुती थीम केकला तेच योग्य. घट्ट फेटले जाण्यासाठी क्रीममध्ये निदान ३० टक्के स्निग्धांश लागतो. भाजीत घालायचे २५ टक्क्यांचे फ्रेश क्रीम कितीही फेटले तरी उभे राहत नाही, आणि नवशिक्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो. बेकरीवाले बहुधा वनस्पती तेलापासून केलेले गोडसर नॉन-डेअरी क्रीम वापरतात. ते गोठवलेल्या लिटरच्या पाकिटात मिळते. चवीला दुधाच्या क्रीमसारखे नाही, पण उन्हाळ्यात जास्त वेळ तग धरते आणि फेटल्यावर तिपटीहून जास्त फुगते. एक किलोच्या केकला न फेटलेले ३०० ते ३५० ग्रॅम पुरते. पाकीट रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवायचे. थोडे बर्फाचे कण राहिलेले असतानाच, गार केलेल्या भांड्यात, मध्यम गतीने फेटायला घ्यायचे. पाते उचलल्यावर टोक ताठ राहून जरासे वाकले की थांबायचे. त्यापुढे अर्धा मिनिट जरी फिरवले तरी क्रीम रवाळ होते आणि लेपाला भोके दिसतात. बाजूला ठेवलेले दोन-तीन चमचे पातळ क्रीम हाताने मिसळले की ते बरेचसे ताळ्यावर येते.

रंगाबाबत थोडे जास्त सावध असावे लागते. पाण्यासारखे पातळ रंग क्रीम सैल करतात, म्हणून जेलचे रंग घ्यायचे आणि तेही टूथपिकच्या टोकाने. रंग तासा-दोन तासांत गडद होतो, म्हणून हवा त्याहून एक छटा फिका ठेवून थांबायचे. लाल आणि काळा हे दोन हट्टी रंग. पांढऱ्या क्रीमचा खरा लाल करायला इतका रंग लागतो की ते कडवट होते आणि पाहुण्यांच्या जिभा रात्रीपर्यंत लाल राहतात. काळा हवा असेल तर पांढऱ्यापासून सुरुवात करूच नये; कोकोच्या गडद चॉकलेटमध्ये चिमूटभर काळा पुरतो. भारतात खाद्यपदार्थांसाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. टारट्राझिन आणि सनसेट यलो हे पिवळे-नारिंगी. पाँसो ४आर, कार्मोसिन, एरिथ्रोसिन हे लाल. ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्माइन हे निळे. आणि हिरवा फास्ट ग्रीन. अनेक पदार्थांसाठी मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२४ मध्ये केकचे २३५ नमुने तपासले, त्यांतल्या १२ नमुन्यांत रंग धोकादायक निघाले. घरी रंग आपल्या हातात असतो. म्हणून मोठा पृष्ठभाग चॉकलेटचा किंवा पांढरा ठेवावा आणि रंग थोड्याच जागी यावा. या हिशेबातही जेसीबीचा केक बसतो, कारण त्यातला सर्वांत मोठा रंग मातीचा.

प्रत्यक्ष काम दोन दिवसांत वाटून घ्यायचे. पार्टी रविवारी संध्याकाळी असेल तर स्पंज शनिवारी दुपारी भाजायचा, पूर्ण निवल्यावर गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायचा. ताज्या, कोमट स्पंजवर क्रीम वितळते आणि सुरीखाली तो चुरतो. रविवारी सकाळी त्याचे आडवे दोन किंवा तीन थर करायचे. लांब सुरी नसेल तर कडेला चारी बाजूंनी खूण करून शिवणाचा जाड दोरा गुंडाळावा आणि दोन्ही टोके उलटसुलट ओढावीत. थर सरळ कापला जातो. अंड्याविना केलेला स्पंज कोरडा वाटतो, म्हणून प्रत्येक थरावर साखरेचे पातळ पाणी चमच्याने शिंपडतात. शिंपडायचे, ओतायचे नाही.

पुढचे काम गवंड्याचे. पुठ्ठ्यावर क्रीमचा ठिपका लावून त्यावर पहिला थर चिकटवायचा, मधे क्रीम, वर दुसरा थर. मग संपूर्ण केकला क्रीमचा पातळ लेप. रंगारी भिंतीला पहिला हात मारतात, तसा हा पहिला हात. सुटे कण यात अडकतात, म्हणून तो मळका दिसला तरी चालतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्यावर दुसरा हात द्यायचा. फिरते टेबल असेल तर पट्टी एका जागी ४५ अंशांत धरून टेबल फिरवायचे. हात फिरवला की लाटा उठतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि पुण्यात बोहरी आळीत असे टेबल, पट्ट्या, नोझल सगळे मिळते. वर्षातून एकदाच केक करणाऱ्या घराने मात्र एवढी खरेदी करण्याची गरज नाही. पट्टी म्हणून नवी, धुतलेली प्लॅस्टिकची फूटपट्टी चालते.

जेसीबीच्या केकला बाजूंनी पिवळे क्रीम आणि वर चॉकलेटचे. पिवळ्या कडेवर तिरके काळे पट्टे ओढले की रस्त्याच्या कामावरच्या इशाऱ्याची फीत होते. पट्ट्यांसाठी गनाश घ्यायचे. एक भाग क्रीम गरम करून त्यात दोन भाग गडद चॉकलेट वितळवायचे आणि पेढ्याच्या मिश्रणाइतके आळू द्यायचे. क्रीम थोडे वाढवून पातळ केलेल्या गनाशचाच वर तीन इंच रुंद रस्ता करायचा.

आता खड्डा. तो सुरीने कापायचा नाही. सुरीचा काप नीटस येतो आणि खड्डा कधी नीटस नसतो. रस्त्याच्या कडेला चमचा उभा खुपसून वरचा थर खरोखरच उकरायचा, रस्त्याची कड तुटून आत लोंबली तर उत्तमच. निघालेला चुरा फेकायचा नाही. क्रीम काढून टाकलेली आठ-दहा काळी बिस्किटे लाटण्याने जाडीभरडी कुटून त्यात मिसळायची आणि खड्ड्याच्या काठावर ढीग घालायचा. अगदी बारीक पूड केली तर ती कोको पावडर दिसते. माती दिसण्यासाठी तिच्यात ढेकळे राहिली पाहिजेत. दगडाच्या आकाराच्या चॉकलेटच्या गोळ्या मिळतात, त्यांची खडी. खड्ड्याच्या तळाशी चमचाभर गनाश सोडले की चिखल. महापालिकेच्या कामात असते तशी एका कोपऱ्यात पांढरी पाइपलाइन हवी असेल तर वेफर रोलचा तुकडा खुपसावा. बाकी कडेला हिरवळ. तिच्यासाठी २३३ क्रमांकाचे, बारीक भोकांचे नोझल. टोक केकला टेकवून दाबायचे, एक सेंटिमीटर वर ओढायचे, दाब सोडायचा आणि मगच उचलायचे. दाब न सोडता उचलले की गवताऐवजी शेवया होतात.

केक कुणाचा हे सांगण्यासाठी मैलाचा दगड छान दिसतो. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा. खाली मुलाचे नाव आणि किलोमीटरच्या जागी वय. हा दगड फाँडंटचा न करता काजूकतलीच्या मळणाचा करावा. एक वाटी काजूच्या पुडीला अर्धी वाटी साखरेचा एकतारी पाक, गोळा होईपर्यंत आटवून, कोमट असताना तुपाच्या हाताने मळलेला. गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत काजूचे मार्झिपान साच्यांत घालतात, ते याच कुळातले. हे मळण मातीसारखा आकार धरते, आणि मुख्य म्हणजे पोरे ते खातात. दगडावरची अक्षरे काढताना आधी शिरोरेषा ओढून घ्यावी आणि तिला अक्षरे टांगावीत. उलट केले तर प्रत्येक अक्षर वेगळ्या उंचीवर जाते आणि शेवटी ओढलेली रेघ डगमगते. ज्ञ, श्र, क्ष असलेल्या नावांना नोझल बारीक हवे, नाहीतर सगळी पोकळी भरून ठिपका उरतो.

खुद्द जेसीबी खेळण्यातला ठेवावा. तो क्रीमचा किंवा मळणाचा करण्याचा मोह होतो. पण सोंड ही सगळ्या यंत्राची जान, आणि खाण्याच्या पदार्थात ती वाकते. केकवर एकच गोष्ट खरीखुरी असावी आणि ती अशी की केक संपल्यावर मुलाकडे राहील. खेळणे साबणाने धुऊन, सांध्यांतले पाणीसुद्धा पुसून, चाकांखाली बटर पेपरचा तुकडा घालून ठेवायचे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते बघून घ्यावे. पार्टीला तीन वर्षांखालची मुले असतील तर सुटे होणारे बारीक भाग असलेले खेळणे नकोच. बकेटमध्ये थोडी माती भरली आणि दोन कण दातांवरून खाली सांडलेले ठेवले की काम चालू असल्याचा भास होतो. जेसीबी, दगड आणि खड्डा एवढ्यावर थांबायचे. हौसेने त्याच केकवर ट्रक, क्रेन, सिग्नल आणि फुगेही आले की दाराशी उभ्या असलेल्या मुलाला काहीच धड दिसत नाही.

चमचमणाऱ्या पावडरीबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेले असणे आणि पावडर खाण्याजोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये एका वाढदिवसाचा केक खाऊन १ ते ११ वर्षांची सहा मुले आजारी पडली. केकवर लावलेली गुलाबी-सोनेरी पावडर मुख्यतः तांब्याची होती. घटकांची यादी नसलेली कोणतीही चकाकी केकवर जाऊ नये. काडीवर चिकटवलेले कागदी टॉपर चालतात, पण तारा आणि टाचण्या नाहीत.

मेणबत्तीचा प्रश्न मराठी घरात जरा नाजूक असतो. आधी औक्षण, निरांजन, अक्षता. मग त्याच पाटासमोर ज्योत फुंकून विझवायची, हे आजीला रुचत नाही. काही घरांत मेणबत्ती लावून ती हाताने वारा घालून शांत करतात, काहींत लावतच नाहीत. आजीच्या बाजूने प्रयोगशाळेचाही दाखला आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की फुंकर घातल्यावर केकच्या लेपावरचे जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढतात. निरोगी माणसाला त्याचा धोका फारसा नाही, असेही त्यांचेच म्हणणे. तरी मेणबत्ती मुख्य केकवर न लावता एका कपकेकवर लावून तो मुलाच्या पुढ्यात ठेवणे सोपे. मेणबत्ती पेटलेली असताना फेसाचे स्प्रे मात्र हातात कुणालाच देऊ नयेत, त्यांतला वायू पेट घेतो.

केक गाडीतून न्यायचा असेल तर मांडीवर घेऊ नये. मांडी उतरती असते आणि गरमही. मागच्या आसनाच्या पायाशी, सपाट जमिनीवर, एसी लावून. खेळणे आणि मैलाचा दगड वेगळ्या डब्यात न्यायचे आणि पोचल्यावर ठेवायचे. टेबलावर केक पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठीक राहतो. वीज गेली तर कार्यक्रम पुढे ढकलू नये, केक आधी कापून घ्यावा.

कापताना पहिल्यांदा जेसीबी उचलून पुसून मुलाच्या हातात द्यायचा. तो खड्ड्यापाशीच हवा असेल तर पहिला काप केकच्या दुसऱ्या बाजूने घ्यावा आणि बकेटने माती उकरू द्यावी. सुरी प्रत्येक कापानंतर गरम पाण्यात बुडवून पुसली तर पिवळा-काळा एकमेकांत मिसळत नाही. उरलेला केक झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो. मातीची बिस्किटे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ पडलेली असतात.